सुट्टीपूर्वी स्कीइंग कुठे शिकावे: नवशिक्यासाठी जागा निवडण्याची रीत

सहा दिवसांच्या स्कीइंगच्या सुट्टीतील पहिला दीड दिवस नवशिक्याच्या हातून कसा निसटतो, हे पाहिले की आधी धडे घेण्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. कडक बुटांत पाय घालणे, ते बूट घालून चालणे, बूट स्कीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यात, अडकवणे, पडल्यावर लांब स्की पायाला असताना उठणे आणि सपाट जागेवरही मागे घसरू न देता उभे राहणे, एवढ्यातच तो वेळ संपतो. यांपैकी एकाही गोष्टीला डोंगर लागत नाही. पंधरा-वीस मीटरचा सौम्य उतार आणि समोर लक्ष देणारा प्रशिक्षक असला तरी ते सारे शिकता येते. ही कामे सुट्टीपूर्वी उरकली, तर डोंगरावरचा वेळ डोंगरावरच शिकता येईल अशा गोष्टींसाठी मोकळा राहतो.

मात्र या पूर्वतयारीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. तीन-चार धड्यांत बहुतेक निरोगी प्रौढांना सौम्य उतारावर वेग आवरणे, थांबणे आणि दोन्ही बाजूंना वळणे जमू लागते. सकाळी कठीण आणि दुपारी मऊ होणारे बर्फ, ढगाळ हवेत उताराचे खाचखळगे दिसेनासे करणारा फिका उजेड, उंचीवर लागणारी धाप आणि मागून येणाऱ्या इतरांची वर्दळ, या गोष्टी घराजवळच्या कोणत्याही केंद्रात मिळत नाहीत. म्हणून जागा निवडताना ‘डोंगरासारखे वाटेल असे ठिकाण कोणते’ हा प्रश्न बाजूला ठेवून, पायाभूत हालचाली सर्वांत जास्त वेळा कुठे करायला मिळतील, हे पाहावे.

आधी उद्दिष्ट ठरवा

धड्यांचा क्रम जवळजवळ सर्वत्र सारखा असतो. प्रथम बूट आणि एकाच पायाला स्की लावून सपाट जागेवर सरकणे, मग दोन्ही स्की लावून उताराला आडवे उभे राहून पायरीपायरीने वर चढणे, त्यानंतर सरळ घसरत जाऊन आपोआप थांबणे, आणि मग स्नोप्लाउ. स्नोप्लाउमध्ये दोन्ही स्कींची पुढची टोके एकमेकींजवळ आणि मागची टोके दूर ठेवून, आतल्या कडा बर्फात किंचित रुतवून वेग कमी करतात. त्याच आकारात एका पायावर भार वाढवला की विरुद्ध बाजूला वळण मिळते. म्हणजे उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळता येते. हे उलटे गणित पहिल्या तासात प्रत्येकाला चकवते.

सुट्टीपूर्वीचे उद्दिष्ट मोजता येईल असे ठेवावे: सौम्य उतारावर न थांबता डावी-उजवी मिळून सहा-आठ वळणे घेता यावीत, प्रशिक्षकाने दाखवलेल्या जागी थांबता यावे, पडल्यावर मदतीशिवाय उठता यावे आणि किमान एका प्रकारच्या लिफ्टने वर जाता यावे. वळण ही वेग आवरण्याचीही मुख्य युक्ती आहे, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. वळण उताराला जवळजवळ आडवे जाईपर्यंत पूर्ण केले, तर वेग आपोआप उतरतो. केवळ स्नोप्लाउ रेटून थांबणाऱ्याच्या मांड्या मात्र अर्ध्या तासात थरथरू लागतात.

उद्दिष्ट ठरवताना आपण कोणत्या देशात जाणार आहोत हेही पाहावे, कारण उतारांच्या रंगांची भाषा सर्वत्र एक नाही. फ्रान्समध्ये हिरवा, निळा, लाल, काळा असा चढता क्रम असतो. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत हिरवा रंग सहसा वापरत नाहीत, तेथे निळ्यापासूनच सुरुवात होते. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा खुणा असतात, तर जपानमध्ये हिरव्यानंतर थेट लाल येतो. शिवाय रंग हे त्या त्या ठिकाणच्या उतारांमधील तुलना दाखवतात, त्यामुळे एका ठिकाणचा निळा उतार दुसऱ्या ठिकाणच्या निळ्यापेक्षा बराच तीव्र असू शकतो. ‘मला निळ्या उतारापर्यंत शिकवा’ असे प्रशिक्षकाला सांगण्यापेक्षा आपले ठिकाण कोणते आहे ते सांगणे अधिक उपयोगी पडते.

जागांचे प्रकार आणि त्यांचे स्वभाव

पहिला प्रकार बंदिस्त सभागृहातील खऱ्या बर्फाच्या उताराचा. तेथील तापमान शून्याच्या काही अंश खाली ठेवलेले असते आणि थंड हवेत पाण्याचे बारीक तुषार फवारून बर्फ तयार केले जाते. दुबईत 2005 साली सुरू झालेले केंद्र याचे प्रसिद्ध उदाहरण असून तेथील सर्वांत लांब उतार सुमारे 400 मीटरचा आहे. अशी केंद्रे युरोप आणि चीनमध्येही बरीच आहेत. येथे स्कीची कड तशीच वागते जशी ती डोंगरावर वागेल, पडल्यावर फारसे लागत नाही, आणि नवशिक्यांसाठी बहुधा वेगळा सौम्य भाग व उभ्याने वर नेणारा सरकता पट्टा असतो. या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. उणीव अशी की उतार आखूड असतो. खाली पोहोचायला अर्धा-पाऊण मिनिट लागते आणि परत वर यायला कितीतरी अधिक. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बर्फ घासून कठीण होते आणि लिफ्टपाशी रांग लागते. त्यामुळे अशा केंद्रात जायचे असल्यास आठवड्यातील कामाच्या दिवशीची किंवा भल्या सकाळची वेळ मागून घ्यावी.

दुसरा प्रकार कोरड्या उताराचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या राठ केसांच्या चटया अंथरलेल्या उघड्या टेकडीचा. घर्षण कमी करण्यासाठी अनेक ठिकाणी त्यावर पाण्याचे तुषार सोडतात. कोपनहेगनमध्ये तर कचरा जाळून वीज आणि उष्णता निर्माण करणाऱ्या प्रकल्पाच्या छपरावरच असा उतार 2019 साली खुला झाला. कोरड्या उताराला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. माझे मत त्यांच्याइतके प्रतिकूल नाही. प्लॅस्टिकवर स्की सहजासहजी आडवी घसरत नाही, त्यामुळे भार चुकीच्या पायावर असेल तर वळण मिळतच नाही आणि चूक लगेच उघडी पडते. येथे नीट वळायला शिकलेला मनुष्य बर्फावर गेला की त्याला ते सोपे वाटते. घर्षणामुळे वेगही मर्यादित राहतो, आणि भित्र्या माणसासाठी ते वरदान आहे. पण पडल्यावर चटई खरडते आणि काही चटयांच्या जाळीत अंगठा अडकून दुखापत होऊ शकते. म्हणून लांब बाह्या, लांब पायांची जाड विजार आणि हातमोजे येथे अनिवार्य समजावेत, आणि पडताना हाताची मूठ वळण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. स्वतःची नवी स्की असेल तर ती येथे आणू नये. घर्षणाच्या उष्णतेने तिचा तळ खराब होतो. केंद्राची भाड्याची स्कीच वापरावी.

तिसरा प्रकार फिरत्या गालिच्याचा. तिरका, रुंद पट्टा खालून वर सरकत राहतो आणि शिकणारा त्यावर जागच्या जागी घसरत असतो. समोर मोठा आरसा आणि धरायला आडवी दांडी असते. प्रशिक्षक हाताच्या अंतरावर उभा राहून बोलत असतो, आणि लिफ्टची वाट पाहण्यात एक क्षणही जात नाही. अर्ध्या तासात येथे जितकी वळणे होतात तितकी उतारावर दोन तासांत होणार नाहीत. तरीही एकट्या गालिच्यावर विसंबून डोंगरावर जाऊ नये. उतार खाली पसरलेला दिसणे, वेग वाढत असल्याची जाणीव होणे, दुसरा कोणी आडवा येणे आणि लिफ्ट पकडणे, यांपैकी काहीही तेथे अनुभवास येत नाही. आधी गालिच्यावर दोन धडे आणि नंतर बर्फावर किंवा प्लॅस्टिकवर दोन, अशी जोडणी करता आली तर ती उत्तम.

दोन्ही पायांनी डावी-उजवीकडे झुलवणारी पडद्यासमोरची यंत्रेही काही ठिकाणी असतात. ती मांड्यांच्या व्यायामासाठी ठीक आहेत. त्यांना धडा म्हणू नये.

आणि शेवटचा पर्याय प्रत्यक्ष डोंगराचा. जवळपास वरीलपैकी एकही सोय नसेल, तर शेकडो किलोमीटर जाऊन एक तासाचा धडा घेण्यापेक्षा सुट्टीच्या ठिकाणी एक दिवस आधी पोहोचून पूर्ण आठवड्याच्या स्कीशाळेत नाव घालणे अधिक शहाणपणाचे आहे. ही पद्धत काही दुय्यम नव्हे. ऑस्ट्रियातील आर्लबर्ग भागात हानेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जी शिकवण्याची घडी बसवली, तिच्यात स्नोप्लाउपासून पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या गटवर्गांना डोंगरावरच शिकवले जात असे. फक्त आधीच्या महिन्यात मांड्या, पोटऱ्या आणि पोटाचे स्नायू यांचा नियमित व्यायाम करून जावे.

अंतर आणि वेळापत्रक

जागेच्या निवडीत सर्वांत जास्त वजन मी एका साध्या गोष्टीला देतो: तेथे तीनदा जाता येईल का? शरीराने शिकायच्या हालचाली एका दमात घोटण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केल्या तर अधिक पक्क्या होतात. सहा तास शिकायचे असतील, तर एका दिवशी सहा तासांपेक्षा दोन-दोन तासांचे तीन धडे चांगले. म्हणून तास-दीड तासाच्या अंतरावरचा साधा कोरडा उतार, पाच तासांच्या अंतरावरच्या भव्य बर्फगृहापेक्षा बहुतेकांसाठी सरस ठरतो. मी स्वतः प्रथम उलटे केले होते. लांबच्या एका मोठ्या केंद्रात ‘एका दिवसात स्कीइंग शिका’ असा वर्ग घेतला, दुपारनंतर पायांनी साथ सोडली, शेवटच्या दोन तासांत सकाळी जमलेली वळणेही बिघडली, आणि सव्वा महिन्याने डोंगरावर उभा राहिलो तेव्हा लक्षात राहिले होते ते बुटांचे दुखणेच.

पहिला धडा सुट्टीच्या पाच-सहा आठवडे आधी आणि शेवटचा दोन आठवड्यांच्या आत, असे गणित बसवावे. पहिला धडा याहून उशिरा घेतला तर बूट न मानवणे, जुने गुडघ्याचे दुखणे डोके वर काढणे, अशा अडचणींवर उपाय करायला वेळ उरत नाही. एकदिवसीय वर्गाशिवाय गत्यंतर नसेल तर मध्ये जेवणाची चांगली सुट्टी असलेला वर्ग निवडावा आणि जमल्यास आठवड्याभरात तासभर सरावासाठी पुन्हा जावे.

प्रशिक्षक आणि वर्ग

इमारत कितीही झगमगती असो, शिकवणारा मनुष्य शिकवतो. बहुतेक स्कीइंग करणाऱ्या देशांत प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संघटना असते. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे आणि कोणत्या पातळीचे, हे विचारण्यात संकोच करू नये. मात्र नवशिक्याने सर्वोच्च पातळीचाच आग्रह धरण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या संघटनेच्या चार पातळ्यांपैकी पहिली पातळी मुळात कृत्रिम उतारांवर नवशिक्यांना शिकवण्यासाठीच आहे. अनेकदा या पातळीचा उत्साही तरुण प्रशिक्षक, शर्यती गाजवलेल्या कंटाळलेल्या दिग्गजापेक्षा पहिला तास अधिक चांगला घेतो.

वर्गातील संख्या मात्र काटेकोरपणे विचारावी. साठ मिनिटांच्या धड्यात दहा जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रशिक्षकाचे सहा मिनिटांचे लक्ष येते, आणि तेही बूट-स्की घालण्यात गेलेला वेळ वजा करण्यापूर्वी. सहा जणांपर्यंतचा गट चांगला, आठ चालतील, त्यापुढे धडा दीड-दोन तासांचा नसेल तर दुसरा वर्ग शोधावा. केंद्राने जाहीर केलेली संख्या ‘सरासरी’ आहे की ‘कमाल’, हे स्पष्ट करून घ्यावे. धडा कोणत्या भाषेत होईल हाही क्षुल्लक प्रश्न नाही. घसरत असताना ऐकलेली सूचना मनात भाषांतरित करायला वेळ नसतो.

वैयक्तिक धडा महाग असतो, पण काहींना तोच घ्यावा लागतो: अतिशय भीती वाटणारे, आधी गुडघ्याची दुखापत झालेले, किंवा गटाच्या मानाने फारच हळू वा फारच वेगाने शिकणारे. दोघांनी मिळून एक प्रशिक्षक घेणे हा मधला मार्ग मला सर्वांत आवडतो, कारण एकाचे चालू असताना दुसऱ्याला धाप टाकायला उसंत मिळते आणि पाहूनही बरेच समजते. लहान मुलांसाठी वेगळा वर्ग, किमान वयाची अट आणि हेल्मेटची सक्ती या तिन्ही गोष्टींची खात्री करावी. पालकांसोबत एकाच वर्गात घातलेली मुले ना स्वतः शिकतात, ना पालकांना शिकू देतात. आणि स्कीइंग येणाऱ्या जोडीदाराकडून किंवा मित्राकडून फुकट शिकण्याचा मोह आवरावा. त्यात पैसे वाचतात, बोलणे मात्र दोन दिवस बंद होते.

बूट, बाइंडिंग, स्की

शुल्कात साहित्याचे भाडे धरले आहे का, हे विचारताना बुटांची मापे किती आणि ते पायाला बसवून देणारा जाणकार मनुष्य आहे का, हेही पाहावे. योग्य बुटात सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या भिंतीला हलकी टेकतात आणि गुडघे वाकवून नडग्या पुढे दाबल्या की ती किंचित मागे सरकतात. टाच वर उचलली जाता कामा नये. आत एकच पातळ, लांब मोजा असावा. उबेसाठी दोन मोजे घातले की सुरकुत्या टोचतात आणि पाय बुटात हलू लागतो. विजारीचे टोकही बुटात कोंबू नये.

बाइंडिंगचा दाब वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्याची पातळी यांवरून ठरवतात. पडल्यावर स्की पायापासून वेळेवर सुटावी, हे त्यामागचे प्रयोजन आहे. त्यामुळे अर्जात वजन चारचौघांत सांगतो तसे लिहू नये, काट्यावर दिसते तेच लिहावे, आणि कौशल्याच्या रकान्यात ‘नवशिका’ लिहिण्याची लाज वाटू देऊ नये. जे केंद्र ही माहिती न विचारताच स्की हातात ठेवते, तेथून परत फिरावे. स्कीची लांबी नवशिक्यासाठी साधारण हनुवटीपर्यंत पुरते.

नाव नोंदवण्यापूर्वी अर्धा तास उभे राहा

शक्य असेल तर पैसे भरण्यापूर्वी एकदा केंद्रात जाऊन चालू असलेला नवशिक्यांचा वर्ग नुसता पाहावा. अर्ध्या तासाच्या निरीक्षणातून जे कळते ते माहितीपत्रकातून कळत नाही. एक शिकाऊ निवडून तो अर्ध्या तासात किती वेळा खाली घसरला, हे मोजावे. ही संख्या चारपेक्षा कमी असेल तर वर्ग ऐकण्यात आणि वाट पाहण्यात जास्त गुंतला आहे, असे समजावे. प्रशिक्षक वर उभा राहून ओरडतो आहे, की शिकणाऱ्याच्या पुढे उलटा घसरत जाऊन त्याच्या पायांकडे पाहतो आहे? पडलेल्याला तो हात देऊन उचलतो, की स्वतः उठायला शिकवतो? सगळ्यांना एकच सूचना देतो, की प्रत्येकाला वेगळी? नवशिक्यांचा भाग दोरीने वेगळा केलेला आहे का, की वरून वेगाने येणारे सराईत त्यातूनच जातात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असमाधानकारक असेल, तर बाकीचे कितीही चांगले असले तरी ती जागा सोडून द्यावी.

लिफ्टचा प्रकारही टिपून ठेवावा. सरकत्या पट्ट्यावर कोणीही उभे राहू शकते. ड्रॅग लिफ्ट, म्हणजे दोरीला लोंबणारी चकती पायांमध्ये धरून उभ्यानेच वर ओढून नेणारी लिफ्ट, नवशिक्यांना डोंगरावर सर्वांत जास्त पाडते. तिच्यावर बसायचा प्रयत्न केला की मनुष्य पडतो, कारण ती बसण्यासाठी नाहीच. घराजवळच्या केंद्रात ही लिफ्ट असेल आणि तिसऱ्या धड्यात तिचा सराव मिळणार असेल, तर त्या केंद्राला माझ्याकडून झुकते माप.

फोनवरच चौकशी करायची असेल, तर चार प्रश्न पुरतात. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या धड्यात काय शिकवता; पुढच्या धड्याला तोच प्रशिक्षक मिळेल का, की झालेल्या प्रगतीची नोंद दुसऱ्याकडे जाते; मी मागे पडलो किंवा पुढे गेलो तर गट बदलता येतो का; आणि बर्फ खराब झाले, वारा सुटला किंवा मी आजारी पडलो तर पैशांचे काय. पहिल्या प्रश्नाला ठाम उत्तर न देणारे केंद्र बहुधा गर्दी सांभाळते, अभ्यासक्रम नव्हे.

धड्यांनंतर, डोंगरापूर्वी

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने घालून दिलेले वर्तनाचे दहा नियम कोणत्याही चांगल्या केंद्रात शिकवतात. शिकवले नाहीत तर स्वतः वाचून घ्यावेत. नवशिक्याला त्यांतील दोन विशेष लागू पडतात: मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची असते, आणि अरुंद किंवा वरून न दिसणाऱ्या जागी थांबायचे नसते. प्रवासविम्यात स्कीइंग समाविष्ट आहे का, हेही याच टप्प्यावर तपासावे, कारण अनेक साध्या विम्यांत ते वगळलेले असते.

सुट्टीच्या ठिकाणच्या स्कीशाळेत आधीच नाव घालावे. घराजवळचे धडे हे त्या शाळेला पर्याय नाहीत. त्यांच्यामुळे तेथे अगदी पहिल्या गटाऐवजी दुसऱ्या गटात बसता येते, इतकेच. पहिल्या सकाळी तेथील नोंदणीच्या खिडकीपाशी ‘मला स्कीइंग येते’ किंवा ‘मी नवा आहे’ यांपैकी काहीही म्हणू नये. ‘प्लॅस्टिकच्या उतारावर सहा तास शिकलो आहे, स्नोप्लाउने दोन्ही बाजूंना वळता येते, ड्रॅग लिफ्ट वापरली आहे, चेअरलिफ्टवर कधी बसलेलो नाही’ असे सांगावे, म्हणजे आपल्याला कोणत्या गटात उभे करायचे हे त्यांना लगेच कळते.